रूढि कोणीं सांगितली? आफ्रिकेंतील बायकांच्या वारशाची हकीकत

(भाषण)



आज आम्ही दूरदेशची हकीकत सांगणार आहों. कोणी म्हणेल, मास्तर, आफ्रिका कोठें आणि आपलें गांव कोठें! पण ज्या तंट्याविषयीं आम्ही बोलणार तो घराचा, शेताचा, गुरांचा आणि मयताच्या वारसाचा आहे, आणि असा तंटा शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरास नवा नाहीं. एवढें मात्र आरंभींच सांगून ठेवतों कीं, आफ्रिका हा एक देश नव्हे. त्या खंडांत पन्नासाहून अधिक राज्यें आणि शेंकडों जमाती आहेत. कोठें मिळकत बापाकडून मुलाकडे जाते, कोठें मामाकडून भाच्याकडे. म्हणून "आफ्रिकेची रूढि अशी अशी आहे" असें कोणी ठासून सांगूं लागला तर त्यास विचारावें, बाबा, कोणत्या मुलखाची, आणि तुला ती कोणीं सांगितली? आमच्या आजच्या भाषणाचा बराचसा मुद्दा या दुसऱ्या प्रश्नांत आहे.

दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन शहराच्या बाहेर खायेलित्शा नांवाची गोरगरिबांची अफाट वस्ती आहे. तेथें एक सुतार राहत असे. तो आणि त्याची सोबतीण यांनीं बारा वर्षें एकत्र संसार केला. रीतसर लग्न मात्र झालें नव्हतें. बाई परक्यांच्या घरीं घरकाम करी. दोघांस दोन मुली झाल्या. राहावयास तात्पुरती खोपटी होती, पण सरकारी मदत मिळवून त्यांनीं ती जागा घेतली होती आणि पक्कें घर बांधावें म्हणून सामानही आणून ठेवलें होतें. सन २००२ च्या ऑक्टोबरांत सुतार वारला. मुली अजाण होत्या.

मग मयताचा बाप पुढें आला आणि म्हणाला, रूढीप्रमाणें वारस मी. कचेरीनेंही त्यासच वारस ठरविलें. म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, मुलाच्या अंत्यविधीचा खर्च झाला आहे, तो भागविण्यास ही मिळकत मी विकणार. म्हणजे ज्या मुलींचा बाप गेला त्यांच्या डोक्यावरचें छप्परही त्याच्याच मातीच्या खर्चांत जाणार! कचेरींतला साहेब दुष्ट होता असें नव्हे. १९२७ सालच्या देशी लोकांच्या कारभाराच्या कायद्यानें आणि त्याखालच्या नियमांनीं त्याचे हात बांधले होते. काळ्या माणसानें मृत्युपत्र केलें नसेल तर त्याची मिळकत रूढीप्रमाणें जावी असें तो कायदा सांगे, आणि रूढि अशी धरली जाई कीं वारस पुरुषच पाहिजे. थोरला मुलगा, मुलगा किंवा मुलाचा वंश नसेल तर मयताचा बाप. त्या यादींत बायको नव्हती आणि मुलगीही नव्हती.

हें ऐकून "रानटी लोक, दुसरें काय करणार" असें येथें कोणीं मनांत आणूं नये. या रूढीचें मूळ पाहिलें तर तें निराळेंच दिसतें. जुन्या काळीं एका वाड्यांत मोठें कुटुंब नांदे. जमीन आणि गुरें कुटुंबाचीं असत, एकट्या पुरुषाचीं नसत. कर्ता गेला कीं थोरला मुलगा त्याच्या जागीं बसे. पण तो मिळकतीचा धनी होण्यापेक्षां ओझ्याचा धनी होई. विधवांस पोसणें, लहानग्यांस वाढविणें, बापाचें देणें फेडणें, हें सारें त्याच्या डोक्यावर येई. एका पुरुषास अनेक बायका असल्या तर प्रत्येकीचें "घर" निराळें धरलें जाई. तिची शेती निराळी, तिच्या घरास लावून दिलेलीं गुरें निराळीं. एका घरचीं गुरें नवऱ्यानें दुसऱ्या घरासाठीं उचललीं तर तें देणें मांडलें जाई आणि पुढें फेडावें लागे. झुलू लोकांत मुलीच्या लग्नांत तिच्या आईस एक गाय मिळे; ती गाय आईची, तिच्यावर नवऱ्याचा हात चालत नसे. तें रामराज्य होतें असें आमचें म्हणणें नाहीं. सत्ता पुरुषाचीच होती. पण वारसा आणि जबाबदारी हीं एका दाव्यानें बांधलेलीं होतीं. पुढें खाणी निघाल्या, शहरें वाढलीं, माणसें मजुरीस पांगलीं, एकत्र वाडा मोडला आणि तें दावें तुटलें. घेणारा राहिला, पोसणारा गेला, आणि नांव मात्र रूढीचेंच चालू राहिलें.

दुसरें कारण कागदाचें आहे. रूढि तोंडीं असते तोंवर ती माणूस पाहून, प्रसंग पाहून थोडीफार वळते. ती छापली कीं ताठ होते. गोऱ्या अंमलदारांनीं आफ्रिकेंत रूढि लिहून काढावयास घेतली तेव्हां त्यांनीं विचारलें कोणास? जमातीच्या नायकांस आणि म्हाताऱ्या पुरुषांस. पाटलास विचारलें कीं तुमच्यांत बायकांचे हक्क काय, तर तो काय सांगणार, तें येथें बसलेल्या बायांनीं मनाशीं ताडून पाहावें. नाताळ प्रांतांत थिओफिलस शेपस्टन या अधिकाऱ्यानें १८६९ सालीं सामान्य माणसाच्या लोबोल्याचा आंकडा दहा गुरें असा ठरवून टाकला. लोबोला म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या माहेरीं द्यावयाचीं गुरें. आंकडा छापला गेला तशी ती दोन घरांच्या नात्याची व ऐपतीची गोष्ट न राहतां हिशेबाची झाली. १८९१ सालीं त्याच प्रांताच्या छापील देशी कायद्यांत बाई ही जन्मभर अज्ञान ठरली. आधीं बापाच्या ताब्यांत, मग नवऱ्याच्या, तो गेल्यावर घरांतल्या दुसऱ्या पुरुषाच्या. हें ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस एका जुन्या संस्कृत ग्रंथाची आठवण होईल. तें वचन आम्ही येथें म्हणून दाखवीत नाहीं. पुष्कळ वेळां म्हणून झालें आहे.

आपल्याकडेही याच तऱ्हेनें रूढि लिहिली गेली. १८२७ सालीं मुंबई सरकारच्या अंमलांत आर्थर स्टील या इंग्रजानें दख्खनमधील जातींच्या रूढींचें पुस्तक केलें. शास्त्र्यांस आणि जातीजातींच्या पुढाऱ्यांस विचारून तें भरलें. कुणबिणीस आणि माळणीस कोण विचारतो! असो. आपली गोष्ट आफ्रिकेची आहे.

तिकडच्या बायका मुकाट बसल्या असें मात्र समजूं नका. नायजेरियाच्या पूर्व भागांत ईग्बो नांवाचे लोक आहेत. त्यांच्यांत गांवच्या बायकांची स्वतःची सभा असे आणि बाजाराचे नियम ती सभा करी. कोणी नवरा बायकोस छळूं लागला, किंवा कोणाचीं गुरें बायकांच्या पिकांत शिरूं लागलीं, तर साऱ्या जणी जमून त्याच्या दारीं जात; गाणीं म्हणून त्याची निंदा करीत, मुसळांनीं भिंती ठोकीत, प्रसंगीं झोपडी पाडीत. तो वठणीवर येईपर्यंत त्यास सोडीत नसत. या रीतीस ते लोक "पुरुषावर बसणें" असें म्हणत. इंग्रजांच्या डोळ्यांस ही सभा दिसलीच नाहीं. त्यांनीं सनदी पाटील नेमले, सगळे पुरुष, आणि देशी न्यायकचेऱ्या त्यांच्या हातीं दिल्या.

१९२८ सालीं तेथें पुरुषांवर कर बसला. १९२९ च्या नोव्हेंबरांत ओलोको गांवच्या सनदी पाटलानें माणसें व गुरें मोजण्यास एका मास्तरास पाठविलें. (आमच्याच धंद्याचा माणूस! सरकारची मोजणी कोणत्याही देशांत मास्तराच्याच गळ्यांत पडते असें दिसतें.) न्वान्येरुवा नांवाची एक विधवा पामच्या फळांचें तेल काढीत होती. मास्तर म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या, माणसें मोजून सांग. ती म्हणाली, तुझ्या आईस कोणी मोजलें होतें काय? दोघांची झटापट झाली. ती तशीच उठून बायकांच्या सभेंत गेली. आतां बायकांवरही कर येणार अशी वार्ता पसरली, पामचीं पानें निरोप म्हणून गांवोगांव फिरलीं आणि हजारों बायका रस्त्यावर आल्या. कित्येक न्यायकचेऱ्या त्यांनीं मोडल्या-जाळल्या. ओलोकोच्या पाटलास कैदेची शिक्षा झाली. परंतु डिसेंबरांत शिपायांनीं गोळ्या झाडल्या आणि पन्नासाहून अधिक बायका मेल्या. सरकारी कागदांत याचें नांव "आबाचा दंगा" असें आहे. ईग्बो लोक "बायकांचें युद्ध" असें म्हणतात, आणि आम्हांस त्यांचेंच नांव खरें वाटतें. दंग्यांत निरोपाचीं पानें फिरत नाहींत.

त्यानंतर सनदी पाटीलकी मोडली. पण वारशाची गोष्ट तशीच राहिली. ईग्बो मुलीस बापाच्या मिळकतींत वांटा नाहीं ही रूढि न्यायालयांतून मानली जात होती. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ती घटनेविरुद्ध ठरविली ती २०१४ सालीं, म्हणजे त्या युद्धानंतर ८५ वर्षांनीं. ज्या खटल्यांत हा निकाल झाला त्यांतला बाप १९८१ सालीं वारला होता. मुलीनें किती वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या याचा हिशेब तुम्हीच करा.

निकाल नेहमीं बायकांच्याच बाजूनें लागतो असेंही नाहीं. झिंबाब्वे देशांत १९८२ च्या कायद्यानें अठरा वर्षांची बाई सज्ञान ठरली होती, आणि त्या आधारें १९८७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मुलगीही बापाची वारस होऊं शकते असें म्हटलें होतें. बायकांस वाटलें, चला, एक गड सर झाला. पुढें मगाया खटला उभा राहिला. शिवणकाम करून पोट भरणारी एक प्रौढ बाई. तिच्या बापाला दोन बायका. ती थोरल्या घरची मुलगी, भावंडांत वडील. बाप गेल्यावर थोरल्या मुलानें वारस होण्यास नकार दिला, म्हणून खालच्या कोर्टानें हिला वारस नेमलें. तेवढ्यांत धाकट्या घरचा मुलगा येऊन म्हणाला, मी पुरुष आहें. झालें! वारसा त्याच्याकडे गेला. बाई वर गेली, तेव्हां १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आपलाच जुना निकाल बाजूस ठेवला. घटनेंत स्त्रीपुरुष असा भेद करूं नये असें कलम होतें, पण त्याच्याच पोटांत रूढीच्या कायद्यास सूट देणारें दुसरें वाक्य होतें. त्या वाक्याच्या भोंकांतून सारा हक्क गळून गेला. बायकांच्या संस्थांनीं मोठा गिल्ला केला. शेंवटीं २०१३ सालीं नवी घटना आली, तींत बायकांचे हक्क मारणारा कायदा व रूढि तेवढ्यापुरती रद्द असें स्पष्ट लिहिलें आहे. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा खटला मात्र १९९९ सालींच हरला होता.

बोत्स्वाना देशांतील कान्ये गांवची गोष्ट याहून बरी आहे. तेथील न्ग्वाकेत्से लोकांत बापाचें राहतें घर शेंडेफळ मुलास मिळतें अशी रूढि सांगितली जाई. चार म्हाताऱ्या बहिणी. आईबापांच्या घराची डागडुजी, वाढवणूक त्यांनींच आपल्या पैशानें केलेली. आणि घरावर दावा सांगितला एका भाच्यानें, सावत्र भावाच्या मुलानें. कां तर त्याच्या बापास हा हक्क पोंचला होता म्हणे. प्रथम जमातीच्या पंचायती झाल्या, मग २०१२ सालीं उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति की डिंगाके यांनीं बहिणींच्या बाजूनें निकाल दिला. सरकारी वकिलानें रूढीची बाजू धरली होती. २०१३ च्या सप्टेंबरांत अपील न्यायालयानेंही बहिणींसच घर दिलें. पण तें देतांना एक मोठी मार्मिक गोष्ट सांगितली. ती ही कीं, रूढि म्हणून जो कडक नियम कोर्टांत मांडतां, तशी ती मुळांत कडक नाहींच. कुटुंबानें बसून, कोणीं घर सांभाळलें, कोणास गरज आहे, हें पाहून ठरवावें अशी तिची चाल आहे. म्हणजे रूढीचा खोटा साक्षीदार पकडला गेला, असें आम्ही समजतों.

आतां त्या सुताराच्या मुलींकडे वळूं. त्यांचा खटला दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयांत गेला आणि १५ ऑक्टोबर २००४ रोजीं निकाल झाला. १९२७ च्या कायद्याचें तें कलम आणि पुरुषच वारस हा नियम, दोन्ही रद्द. दोन्ही मुली बापाच्या वारस. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति पायस लांगा यांनीं लिहिला. रूढीचा कायदा नवा सुधारून येईपर्यंत सर्वांस लागू असलेला वारसा कायदा यापुढें लावावा असें त्यांनीं ठरविलें. न्यायमूर्ति सँडिले न्कोबो यांचें मत निराळें पडलें. पुरुषच वारस हा नियम टिकणार नाहीं हें त्यांसही मान्य होतें. पण रूढि सबंध बाजूस सारण्याऐवजीं त्या रूढींतच "मुलगा" याच्या जागीं "अपत्य" असें वाचावें, म्हणजे लोकांची स्वतःची रीत जिवंत राहील आणि न्यायही होईल, असा त्यांचा आग्रह होता.

या दोघांत खरें कोणाचें? आम्हांस न्कोबो यांचें म्हणणें अधिक पटतें. कारण खेड्यांतले शेंभर तंटे कोर्टाचें तोंड पाहत नाहींत. ते गांवांत, भावकींत, रूढीच्या शब्दांतच मिटतात. कोर्टानें दुसरा कायदा लावला तरी गांवची रूढि होती तेथेंच बसून राहते. ती आंतून हलली पाहिजे, आणि ती हलते याचा पुरावा त्याच देशांत आहे. वालोयी जमातीचा राजा १९६८ सालीं मुलगा नसतां वारला, तेव्हां मुलगी म्हणून त्याच्या लेकीस डावलून भावास गादी दिली. पुढें १९९६-९७ सालीं त्याच जमातीच्या राजघराण्यानें आणि मंडळानें बसून ठरविलें कीं, मुलगीही राज्य करूं शकते. चुलतभाऊ कोर्टांत गेला. २००८ सालीं घटना न्यायालयानें सांगितलें कीं, आपली रूढि बदलण्याचा अधिकार खुद्द जमातीस आहे. ती राजकन्या गादीवर आली. हें सारें खरें; पण खोपटी विकली जाण्याची वेळ आलेल्या दोन मुलींस "तुमची रूढि सुधारेपर्यंत थांबा" असें कोणीं सांगावें? म्हणून त्या दिवशीं न्यायमूर्ति लांगा यांनीं केलें तेंही योग्यच केलें.

घाना देशांत आकान लोकांची चाल उलट आहे. तेथें मिळकत आईच्या वंशानें जाते. ऐकणारास वाटेल, मग बायकांचें राज्य असेल! तसें नाहीं. बायको नवऱ्याच्या कोकोच्या मळ्यांत जन्मभर राबे, आणि नवरा गेला कीं मळा त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाई. ही व हिचीं मुलें त्याच्या वंशांतलीं नव्हेत म्हणून रिकाम्या हातीं. १९८५ च्या कायद्यानें स्वतः कमावलेलें घर व घरांतलें सामान बायकोमुलांस दिलें, उरलेल्या मिळकतींतही त्यांचा मोठा वांटा ठरविला, आणि आठवा हिस्सा रूढीप्रमाणें वाटावा म्हणून ठेवला. वंशाची सामाईक जमीन मात्र या कायद्याबाहेर राहिली. सांगण्याचा मुद्दा हा कीं, वंश बापाचा धरा कीं आईचा धरा, राबणारीचा हात हिशेबांत धरला नाहीं तर ती उघडीच पडते.

टांझानियाची एकच गोष्ट सांगून आम्ही थांबतों. तेथें व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेस हाया लोक राहतात. बापानें मृत्युपत्रानें दिलेली कुळाची जमीन एका बाईनें १९८८ सालीं विकली. भाचा म्हणाला, बाईस कुळाची जमीन कसावयाची मुभा आहे, विकण्याची नाहीं. पुरुषानें मात्र विकली असती तर चाललें असतें. १९९० सालीं न्यायमूर्ति म्वालुसान्या यांनीं निकाल दिला कीं, पुरुषास जी मुभा तीच बाईस. हा निकाल साऱ्या खंडांत गाजला. आणि तरीही १९६३ सालीं सरकारनें जे रूढीचे नियम छापून काढले, ते पुस्तकांत राहिले. ध्यानांत घ्या, १९६३ सालीं इंग्रज गेलेला होता. हें छापणें स्वराज्याचें. त्यांत असें आहे कीं, नवऱ्याच्या कुळांतलें कोणी असेल तर विधवेस वारसा नाहीं. तिनें मुलांस वाढविलें तसें मुलांनीं तिला पोसावें, हाच तिचा वांटा. दोन विधवांनीं या नियमांवर दावा लावला. २००६ सालीं उच्च न्यायालय म्हणालें, नियम भेदभावाचे आहेत खरे, पण ते आम्ही एका फटक्यानें रद्द करणार नाहीं. त्या दोघी तेथेंही न थांबतां संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविषयींच्या समितीपर्यंत गेल्या, आणि २०१५ सालीं समितीनें टांझानियास दोषी धरून नियम बदलण्यास सांगितलें. आफ्रिकेंतील राज्यांनीं तर २००३ सालीं मापुटो शहरीं आपसांत करारच केला आहे, त्यांत मुलामुलींस आईबापांच्या मिळकतींत सारखा वांटा आणि विधवेस नवऱ्याच्या मिळकतींत न्याय्य वांटा अशीं वाक्यें आहेत. करार २००५ पासून अंमलांत आहे. करारावरच्या सह्या राजधानींत होतात आणि बांधावरचा दगड खेड्यांत हलतो. या दोन ठिकाणांमधलें अंतर किती, तें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आफ्रिकेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे २००५ सालच्या कायद्यानें हिंदु मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाइतका हक्क दिला. हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या किती पडतात हें तलाठ्यास विचारावें.

आमचें बोलणें झालें. आतां कोणास कांहीं विचारावयाचें असेल तर विचारावें. आधीं मागें बसलेल्या बायांनीं विचारावें; पुरुषांचे प्रश्न आम्ही नंतर घेऊं.